टूच्या पलीकडे

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
मंगळवारी साडेसहाच्या वर्गासाठी
कीथ सहालाच हीटर लावतो,
तरी डायवा त्याच्याही आधी येऊन
दाराशी उभी. अंगाला माशांचा वास,
केसांवर फॅक्टरीची निळी जाळी, तशीच राहिलेली.

हेदरबाई फळ्यावर लिहितात:
वॉन्टेड टू. ट्राइड टू. हॅड टू. फरगॉट टू.
मार्कर संपत आलेला,
शेवटचं टू जेमतेम दिसतं.

"भूतकाळ फक्त पहिल्याला," त्या म्हणतात,
"चिखल त्याच्याच बुटांना.
टूच्या पलीकडचं क्रियापद कोरं ठेवायचं,
त्याला शेपूट लावायचं नाही. कुणीही."
डायवा लावतेच. वॉन्टेड टू स्टडीड.
"अगं, शिकायचं होतं ना? शिकलीस का?"
नाही.
"मग ते घडलंच नाही. घडलं नाही त्याला काळ कसला?"
डायवा वहीत खोडते, मान वर न करता विचारते,
एकोणीस वर्षं झाली तरी?

हेमिनला फेल्ड टू शिकवावं लागलं नाही.
ते त्याच्याकडे टपालाने आलं होतं,
गृहखात्याच्या पाकिटातून,
दुसऱ्या परिच्छेदात दोनदा, तिसऱ्यात एकदा.
उच्चार वर्गात सगळ्यांत स्वच्छ त्याचाच.

तेकलेचं लाडकं मॅनेज्ड टू.
उठून फळ्यापाशी जातो, बोटाने ठोकतो:
एवढं एकच आहे ह्यात,
ज्याच्या पुढचं खरोखर घडतं.
"हॅड टूच्या पुढचंही घडतं की," बाई म्हणतात.
तेकले जागेवर येऊन बसतो.
पेनाचं टोपण काढतो, लावतो.
ते मी धरत नाही, म्हणतो.

मग स्टॉप्ड टूचा घोळ.
सिगरेट ओढायला थांबला
की ओढायचा थांबला?
बाई फळ्यावर दोन माणसं काढतात,
एकाच्या तोंडात धूर, एकाच्या नाही,
आणि दोघंही बटाट्यासारखे दिसतात.
दाराशी कीथ हसतो, खोकतो.
तो दोन्हीसाठी थांबलाय आजवर,
पहिल्यासाठी रोज,
दुसऱ्यासाठी तीनदा.

साडेआठला खुर्च्या एकावर एक.
फळा पुसणं कीथच्या कामात येत नाही, पण पुसतो.
सत्तर वर्षं ही भाषा तोंडात घोळवली,
तिच्यात असे सांधे आहेत
हे त्याला इथे झाडू मारताना कळलं.
यूज्ड टू पुसलं. ट्रॉलरवर जायचो,
आइसलँडपर्यंत, बर्फ कुऱ्हाडीने फोडायचो
दोरांवरचा. पुसलं.
हॅड टू. गोदी बंद झाली तेव्हाचं. पुसलं.
खाली उजव्या कोपऱ्यात गृहपाठ:
आय मेन्ट टू
आणि पुढे एक लांब रेघ, रिकामी.

नदीपलीकडे, हल शहरात, त्याचा भाऊ राहतो.
पुलावरून अर्धा-पाऊण तास.
बोटीच्या पैशांवरून काहीतरी झालं होतं;
किती पैसे, ते आता दोघांनाही सांगता यायचं नाही.
कीथ रेघेकडे बघतो.
रेघही पुसतो. ती जात नाही,
कुणीतरी चुकून पक्का मार्कर वापरलाय.
थुंकी लावून घासतो. पाण्याचं फडकं.
टू गेलं, मेन्ट गेलं,
रेघ आहे तिथेच.

पुढच्या मंगळवारी सहाला डायवा दाराशी,
जाळी आजही डोक्यावर.
कीथ स्वतःच्या टकलावर बोट ठेवून खुणावतो.
तिचा हात केसांकडे जातो.
"आय मेन्ट टू," ती म्हणते,
आणि अडते.
काढणे, सोडणे, उतरवणे,
कुठलंसं एक साधं क्रियापद,
कोरं, बिनशेपटीचं,
अगदी ओठांपर्यंत आलेलं.

कीथ शब्द पुरवत नाही.
किल्ली हातात धरून थांबतो.
तसाही हॉल तापायला
अर्धा तास लागतो.